जुन्या फायली युनिकोडमध्ये आणताना

बेळगावच्या शहापुरात आमचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवण्याचं, आणि छपाईचं दुकान आहे. काम दोन लिपींत चालतं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, मंडळांच्या पावत्या, सप्ताहाची हँडबिलं आणि स्मरणिका मराठीत. बिलबुकं, सोसायट्यांचे अर्ज आणि दुकानांचे बोर्ड कन्नडमध्ये, नाहीतर दोन्हीत. चंदगडकडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावात येतात, तेव्हा जाता जाता पत्रिकाही इथंच टाकून जातात. १९९८ साली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, छपाईचं ट्रेडल मशीन भिंतीकडेला सारून पहिला कॉम्प्युटर घेतला. तेव्हापासून जे जे छापलं त्याच्या फायली आमच्याकडे आहेत. हार्ड डिस्कवर आहेत, सीडींवर आहेत, थोड्या फ्लॉप्यांवरही आहेत. गेलं वर्षभर दुकानाचं शटर अर्धं ओढून रात्री मी त्या फायलींतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक असलेल्या पद्धतीत, आणत होतो. पैसे मिळणार नाहीत हे माहीत असलेलं काम माणूस का करतो, असं बायकोनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायचं तिनं सोडून दिलं.

सुरुवात एका युवक मंडळानं करून दिली. उचगावच्या बाजूचं गाव. मंडळाला पन्नास वर्षं होणार, आणि त्यांच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका आम्हीच छापली होती. दोघं पोरं आली नि म्हणाली, “दादा, त्यातले जुने लेख आणि कार्यकारिणीची यादी हाय तशी घालायची हाय. तुमच्याकडं फाईल असणार की.” होती. पानं जुळवायच्या पेजमेकर या जुन्या प्रोग्राममध्ये उघडलीही, सुबक दिसलीही. मजकूर उचलून नव्या फायलीत टाकला तर समोर इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, आणि डोक्यावर टोप्या घातलेले फ्रेंच स्वर. पोरं म्हणाली, व्हायरस असणार.

व्हायरस नव्हता. डीटीपीत ज्यांचे केस पांढरे झाले त्यांना हे ठाऊकच आहे, नव्यांसाठी सांगतो. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर म्हणून काही नसायचंच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असायचे. एका फॉन्टात जास्तीत जास्त २५६ जागा, त्यातल्याही काही कॉम्प्युटरनं स्वतःकडे ठेवलेल्या. उरलेल्यांत आपली बाराखडी, जोडाक्षरं, रफार, उकार सगळं कोंबायचं. ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं कोंबलं. श्रीलिपीची मांडणी वेगळी, आकृतीची वेगळी, सीडॅकच्या फॉन्टांची वेगळी. कागदावर बरोबर उमटलं की काम झालं, एवढाच तेव्हाचा हिशोब होता आणि तो चुकीचा नव्हता, कारण आम्ही कागदच विकत होतो.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. भारताचं स्वतःचं इस्की हे मानकही १९९१ चंच. मग डीटीपीवाले इतकी वर्षं जुन्या फॉन्टांना का चिकटून बसले, असं शिकलेली मंडळी जरा नाक वर करून विचारतात. आळस हे त्याचं उत्तर नाही. विंडोज २००० पासून कॉम्प्युटरला युनिकोड मराठी कळायला लागली, पण आमचं पोट ज्याच्यावर चालायचं त्या पेजमेकरला ती शेवटपर्यंत कळली नाही. त्याची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या सरळ जुळायला २०१२ ची सीएस-६ यावी लागली. तोवर बेळगावातल्या प्रत्येक दुकानात हजारो पत्रिका जुन्या पद्धतीनं साठल्या होत्या.

मंडळाची स्मरणिका टाइप करून दिली असती तर दोन दिवसांत मोकळा झालो असतो. पण जुन्या फायलींचं कपाट डोळ्यांसमोर होतं.

आधी फायली बाहेर काढायच्या होत्या. फ्लॉप्या बहुतेक गेलेल्याच निघाल्या, त्यांच्यावर वेळ घालवला नाही. सीडींचं मात्र आश्चर्य वाटलं. महागातल्या, सोनेरी चकाकीच्या सीडी वाचेनात आणि गणपत गल्लीतून किलोच्या भावानं आणल्यासारख्या सीडी बिनतक्रार वाचल्या. नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम, त्यात विंडोज एक्सपी आणि एक्सपीत पेजमेकर. जुन्या मराठी पॅकेजचं डोंगल, म्हणजे ते चालायला लावावी लागणारी किल्ली, प्रिंटरच्या पोर्टमध्ये बसणारं होतं. तो पोर्ट आता बहुतेक कॉम्प्युटरना नसतो. सुदैवानं डोंगल लागतं ते टाइप करायला. नुसती फाईल दिसायला फॉन्ट पुरेसा असतो.

मजकूर बाहेर काढताना एक गोष्ट सांभाळावी लागते. साध्या टेक्स्टमध्ये काढला तर कुठला शब्द कुठल्या फॉन्टात होता ही माहिती पुसली जाते. पत्रिकेत फोन नंबर इंग्रजी फॉन्टात असतो, “बी. ई., एम. बी. ए.” हे कधी मराठी फॉन्टात तर कधी इंग्रजीत, आणि बेळगावच्या पत्रिकेत एखादी ओळ कन्नडमध्येही असायची, तीही नुडी नाहीतर बरहाच्या जुन्या फॉन्टात. सगळ्याला जुनी जागा आणि मराठी आकार जुळवणारा एकच तक्ता लावला तर नवरदेवाच्या पदवीचे ण आणि ढ होतात. म्हणून फॉन्टची माहिती जपणाऱ्या आरटीएफमध्ये काढायचं, लिबरऑफिसमधून वर्डच्या फायलीत आणायचं आणि प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट विचारून मगच त्याला हात लावायचा.

खरं काम तक्त्याचं. कुठल्या जागेवर कुठला आकार आहे हे एकदा लिहून काढलं की पुढचं यंत्र करतं. मी फॉन्टातले सगळे आकार एका मोठ्या कागदावर चौकटी आखून छापले, प्रत्येकाखाली त्याचा क्रमांक घातला आणि ओळखायला बसलो. निम्मे सोपे होते. उरलेल्यांत नुसते तुकडे: एक तिरकी रेघ, एक आकडा, पोट नसलेला अर्धा काहीतरी, टिंब कुठं वर कुठं खाली. अण्णा आता ऐंशीला टेकलेत. दुपारी जेवून ते दुकानात येऊन बसतात, पेपर वाचतात, गिऱ्हाइकाला पाणी देतात. त्यांनी कागद ओढून घेतला, भिंग काढलं आणि पेन्सिलीनं चौकटींत लिहायला लागले.

“हा अर्धा ण. हा ष, दांड्याशिवाय. हा रुकार. हे द्य-चं शेपूट हाय, ह्याच्यावर द बसत न्हाई, द ह्याच्यातच हाय.”

मी विचारलं, “कशावरनं कळालं?”

“खिळे हात घालून काढलेत रे मी. बघून न्हाई.”

अण्णा पंचवीस वर्षं जुळारी होते, छापायच्या अक्षरांचे खिळे हातानं जुळवायचे. खिळ्यांच्या केसमध्ये कुठल्या खणात काय, हे त्यांच्या बोटांना माहीत. आणि मजा म्हणजे, हे फॉन्ट करणाऱ्यांनी आकारांची फोड बरीचशी खिळ्यांसारखीच केलेली होती. अर्धं अक्षर वेगळं, दांडा वेगळा, रफार वेगळा, रफारावर अनुस्वार असेल तर तो जोड पुन्हा वेगळा. मला जे कोडं वाटत होतं ते त्यांना केस वाटली. दोन-तीन आकार मात्र त्यांनाही लागले नाहीत. एक निघाली ‘क्त’ची जुन्या वळणाची जोडणी. तिथं ते स्वतःवरच चिडले.

तक्ता झाल्यावर वाटलं, आता काय, शोधा आणि बदला. तसं होत नाही. जुना फॉन्ट डोळ्यांच्या क्रमानं चालतो, युनिकोड उच्चाराच्या. ‘स्थिती’ हा शब्द जुन्या फायलीत असा पडलेला असतो: पहिली वेलांटी, अर्धा स, अर्धा थ, दांडा, त, दुसरी वेलांटी. युनिकोडला पहिली वेलांटी ‘स्थ’च्या नंतर हवी. म्हणजे तिला दोन अक्षरांवरून उडी मारायला लावायची. पण अर्धा थ आणि दांडा आधी जोडून पूर्ण थ केला नसेल तर वेलांटी मध्येच कुठंतरी उतरते. बरं, प्रत्येक दांडा म्हणजे अक्षराचा दांडा असंही नाही. ‘खा’ लिहिताना अर्ध्या खनंतर दोन दांडे येतात, पहिला खचा, दुसरा काना. रफार उलट्या बाजूनं छळतो. ‘कीर्ती’त तो सगळ्यात शेवटी, दुसऱ्या वेलांटीच्याही मागं उभा असतो आणि त्याला मागं नेऊन ‘त’च्या आधी बसवावं लागतं. ‘मूर्तींची’ या शब्दात रफार, वेलांटी आणि अनुस्वार हे तिन्ही मिळून एकच आकार होता. गणेशोत्सवाच्या पावत्या आणि अहवाल निम्मे त्या शब्दावर चालतात, त्यामुळे तो पहिल्याच रात्री समोर आला.

प्रोग्रामिंग मी कॉलेजात शिकलेलो नाही. पायथॉन यूट्यूबवर जेवढं जमलं तेवढं, बाकी एआयला विचारून. एआयबद्दल दुकानात येणारा प्रत्येक जण हल्ली मत देतो, माझंही घ्या. वेलांटीला उडी मारायला लावणारा नियम त्यानं दोन मिनिटांत लिहून दिला आणि तो बरोबर होता. मला त्याला आठवडे लागले असते. पण फॉन्टचा तक्ता मागितला तर त्यानं दुसऱ्याच कुठल्यातरी फॉन्टचा तक्ता आमचा म्हणून दिला, तोही असा ठणकावून की दोन ओळी चालवून बघेपर्यंत शंका आली नाही. तेव्हापासून नियम त्याच्याकडून आणि तक्ता अण्णांकडून, अशी वाटणी ठरून गेली.

तपासणीची एक युक्ती मात्र माझी स्वतःची, आणि वर्षभरातली सगळ्यात उपयोगी. मराठीत काही गोष्टी होऊच शकत नाहीत. शब्दाची सुरुवात मात्रेनं होत नाही. एका अक्षराला दोन वेलांट्या लागत नाहीत. कान्याला काना चिकटत नाही. असे अशक्य जोड ज्या ज्या शब्दात दिसतील ते शब्द प्रोग्रामनं वेगळे काढून द्यायचे. सुरुवातीला पानंच्या पानं निघायची. प्रत्येक यादीत तीन-चार नियमांची भोकं सापडायची, ती बुजवली की यादी निम्म्यानं आखडायची. शेवटी उरल्या त्या कन्व्हर्टरच्या चुकाच नव्हत्या, १९९९ साली टाइप करतानाच झालेल्या होत्या. त्या तशाच ठेवल्या. छापलेलं आहे ते छापलेलं आहे.

पण शक्य दिसणारा चुकीचा शब्द यंत्राला कळत नाही. ‘दिन’चा ‘दीन’ झाला तर दोन्ही शब्द खरेच. त्यासाठी वडगावातले एक निवृत्त गुरुजी मिळाले. त्यांनी आयुष्यभर मराठी शाळेत शुद्धलेखन तपासलं. स्मरणिकेची प्रुफं त्यांना नेऊन दिली, तर तिसऱ्या दिवशी लाल शाईनं भरून परत. बऱ्याच खुणा मूळ लेखकांच्या शुद्धलेखनावर होत्या. म्हटलं, “गुरुजी, ह्यातलं काहीच बदलायचं नाही, फक्त जुन्या छापील प्रतीशी ताडून बघायचं.” गुरुजींना ते अजिबात पटलं नाही. ताडून मात्र बघितलं.

आता मजकूर शोधता येतो, असं मी मंडळाच्या पोरांना फोन करून सांगितलं आणि त्याच संध्याकाळी शोध फसला. ‘पुजाऱ्यांचे’ हा शब्द समोर पानावर दिसत होता आणि कॉम्प्युटर नाही म्हणत होता. कारण युनिकोडमध्येही तो ऱ्य दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत खाली टिंबाचा ऱ वापरतात, दुसरीत साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा एक जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच. ॲडव्होकेटच्या ‘ॲ’चंही तेच. त्याला स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधीच्यांनी, आणि सवयीनं त्यानंतरच्यांनीही, अ लिहून त्याला चंद्र जोडला. बेळगावात वकील भरपूर, त्यामुळे हे छोटं काम नाही. शिवाय जुन्या फायलींत ‘बेळगांव’वर अनुस्वार, नव्यांत नाही, ‘गांव’, ‘नांव’, ‘पांच’ सगळीकडे तसंच. शेवटी मूळ मजकूर आहे तसा ठेवून शोधण्यापुरती त्याची एक सपाट प्रत केली, सगळ्या तऱ्हा एकाच साच्यात ओतलेली. शोध तिच्यात होतो, सापडलेलं पान मूळचं दिसतं.

या सगळ्यात मंडळाच्या पहिल्या कार्यकारिणीची यादी मिळाली, लेख मिळाले, आणि न मागितलेलं एक मिळालं: १९९९ च्या गणेशोत्सवाच्या हँडबिलात त्या वर्षीच्या नाटकातल्या सगळ्यांची नावं होती, पडदा ओढणाऱ्यासकट. पोरांनी ते सुवर्णमहोत्सवाच्या अंकात पान भरून लावलं. पडदेवाला अजून हयात आहे. तो दुकानात येऊन पाच अंक घेऊन गेला, दोनचे पैसे दिले.

वर्षभर असंच गेलं असं मात्र नाही. कर्नाटकातल्या २०२४ च्या कायदा-दुरुस्तीनं बोर्डावर साठ टक्के कन्नड सक्तीचं झालं आणि बोर्डांचं काम वाढलं. साठ टक्के म्हणजे अक्षरांची संख्या की जागा, यावर दुकानात रोज एक परिसंवाद व्हायचा. मी शेवटी बोर्डाची लांबी-रुंदी टाकली की दोन्ही लिपींची जागा आखून देणारी एक छोटी शीट केली. दुपारभराचं काम, पण वर्षभरात मी जे काही जुळवलं त्यात पैसे फक्त तिनं मिळवले. पत्रिकांचं उलट झालंय. पूर्वी पाचशे छापणारा आता शंभर छापतो, देवाला, मामाला आणि भावकीला. बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर पीडीएफ, नाहीतर मागं सनई लावलेला व्हिडिओ. तक्रार करत नाही, पीडीएफही आम्हीच करतो. फक्त पीडीएफचे पैसे मागताना तोंडावर एक हसू ठेवावं लागतं, कारण समोरच्याला वाटतं कागद नाही म्हणजे खर्च नाही. दोन गोष्टी हाती घेऊन सोडून दिल्या. व्हॉट्सॲपवर आपोआप भाव सांगणारा बॉट सोडला, कारण आमच्या गिऱ्हाइकाला भाव करायला माणूस लागतो. आणि घरच्या टाकीतलं पाणी मोजणारा सेन्सर सोडला, कारण ज्या दिवशी नळाला पाणी यायचं त्याच दिवशी वायफाय जायचं.

सगळ्या फायली झाल्यावर हे नेटवर टाकणार का, असं आता बरेच जण विचारतात. स्मरणिका आणि संमेलनांच्या पत्रिका ज्या त्या मंडळांना विचारून देईन. सीमाभागात कडोलीपासून येळ्ळूरपर्यंत गावोगाव साहित्य संमेलनं भरतात आणि त्यांचा कागद कुणाकडेच नीट नाही. लग्नपत्रिका मात्र कुठंही जाणार नाहीत. त्यांत घरांचे पत्ते आहेत, फोन आहेत, कुणाची कुणाशी सोयरीक झाली हे आहे. ती लग्नं पुढं कशी झाली हेही गावाला माहीत असतं. एक मुलगी आईवडिलांच्या पत्रिकेचा मजकूर मागायला आली, त्यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या कार्डावर घालायचा होता. तिला दिला. दुसरा एक जण भाऊबंदकीच्या कोर्टकामासाठी एका पत्रिकेतली नावं मागत होता. त्याला सांगितलं, फाईल खराब झालीय. अण्णा पेपरमागून नुसतं खाकरले.

दोन हार्ड डिस्क केल्यात, एक दुकानात, एक घरी. प्रत्येक फोल्डरमध्ये चार गोष्टी: पेजमेकरची मूळ फाईल, तिची पीडीएफ, युनिकोड मजकूर, आणि ज्या फॉन्टात ती जुळवली तो फॉन्ट. ज्यांच्याकडे जुन्या फायली आहेत त्यांनी निदान पहिली आणि शेवटची वस्तू फेकू नये. फॉन्ट गेला तर अण्णांसारखा माणूसही काही सांगू शकत नाही. आणि पीडीएफ आजच काढून ठेवा, एक्सपीचा कॉम्प्युटर अजून सुरू होतोय तोवर.

गेल्या महिन्यात निपाणीच्या एका छपाईवाल्या मित्रानं खोकंभर सीडी पाठवल्या. त्याचा फॉन्ट वेगळा, तक्ता नव्यानं करायचा आहे. चौकटींचा कागद छापून अण्णांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी भिंग लावून दोन ओळी बघितल्या आणि म्हणाले, ह्या फॉन्टवाल्याला र कळालेला न्हाई. लगीनसराई आहे, दिवसा मान वर करायला सवड नाही. अर्ध्या चौकटी भरून झाल्यात.